फिजिक्स-केमिस्ट्री एकत्र घेताय? मग चिन्हं आणि एककं आधी सांभाळा

पदवीला हे दोन्ही विषय एकत्र घ्यावेत का, असं विचारलं की बहुतेकांचं एकच उत्तर असतं, "अभ्यास दुप्पट होतो." मला हे पटत नाही. थर्मोडायनॅमिक्स, क्वांटम, स्पेक्ट्रोस्कोपी हा बराचसा भाग सामायिकच आहे. घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने. तीच गोष्ट दोन वर्गांत दोन संकेतांनी शिकवतात, आणि तसं स्पष्ट सांगायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियमच घ्या (ऊर्जेच्या अक्षय्यतेचा). वायूला ५०० जूल उष्णता दिली, त्याने प्रसरण पावताना २०० जूल कार्य केलं. फिजिक्सच्या बऱ्याच पुस्तकांत वायूने केलेलं कार्य धन, म्हणून ५०० वजा २००. केमिस्ट्रीत वायूवर झालेलं कार्य धन, म्हणून ५०० अधिक (उणे २००). दोन्हीकडे उत्तर ३०० जूलच. पण सूत्र एका वर्गाचं आणि चिन्ह दुसऱ्या वर्गाचं घेतलं की ७००! उत्तरपत्रिकेत पहिल्याच ओळीत "कार्य = प्रणालीने केलेलं" किंवा "प्रणालीवर झालेलं" असं लिहून टाका.

पी-ऑर्बिटलचंही (अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याची डंबेलसारखी जागा) तेच. केमिस्ट्रीत पी-एक्स, पी-वाय, पी-झेड; फिजिक्सच्या तासाला एम (चुंबकीय क्वांटम अंक) = +१, ०, −१. पी-झेड म्हणजे एम = ० हे बरोबर, पण पी-एक्स म्हणजे +१ आणि पी-वाय म्हणजे −१ अशी जोडी लावणं साफ चूक. ती दोन्ही +१ आणि −१ यांच्या मिश्रणातून बनतात. फिजिक्सवाले कोनीय संवेग मोजायला एक रूप घेतात, केमिस्ट्रीवाले बंधाची दिशा दाखवायला दुसरं.

आता एककं. १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ९६.५ किलोजूल प्रति मोल, म्हणजेच सुमारे ८०६६ सेमी⁻¹ (एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग बसतात ते). हे पाठच हवं. हायड्रोजन क्लोराइडच्या वर्णपटावरून बंधाची लांबी काढताना बरेच जण इथेच आपटतात. रेषांमधलं अंतर साधारण २१ सेमी⁻¹, त्याच्या निम्मं म्हणजे परिवलन स्थिरांक, म्हणजे रेणूच्या फिरण्याचा आकडा, ज्यावरून बंधाची लांबी निघते. तो सेमी⁻¹ मध्येच ठेवून प्रकाशाचा वेग मीटरमध्ये घातला तर लांबी १.२७ ऐवजी १२.७ अँगस्ट्रॉम येते. अणूंमध्ये एवढा लांब बंध नसतो, हे केमिस्ट्री शिकलेल्याला बघताक्षणी खटकायला हवं. दोन्ही विषय घेण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. रेषा जोडीजोडीने दिसल्या तर उपकरणाला दोष देऊ नका. क्लोरीन-३५ आणि ३७ या दोन समस्थानिकांचं (वेगळ्या वजनाच्या क्लोरीन अणूंचं) साधारण ३:१ प्रमाण तिथे दिसतंय.

गणित मात्र आधी उरका. आयगेनव्हॅल्यू आणि आंशिक अवकलन न येता क्वांटमला बसलात, तर दोन्ही वर्गांत नुसतं उतरवून घेणं होतं.

प्रॅक्टिकलचं वेळापत्रक लावताना ऑर्गॅनिकच्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडत मिश्रण उकळत ठेवणं) मध्येच सोडून जाता येत नाही. फिजिक्सचे रीडिंग बहुतेक वेळा परत घेता येतात.