खात्यात दिसणारे पैसे कोणाचे?

ऑक्टोबर 2025 मध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारण मागे पडलं आणि चेक पुढे आला. रिझर्व्ह बँकेने 4 तारखेपासून चेक वटवण्याची, म्हणजे क्लिअरिंगची, पद्धत बदलली होती. सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेत चेक येतील तसे पुढे जाणार, ज्या बँकेचा चेक आहे तिने संध्याकाळी 7 पर्यंत हो किंवा नाही सांगायचं, आणि पैसे त्याच दिवशी मिळणार. पुढच्या टप्प्यात तर तीन तासांत निकाल. प्रत्यक्षात नव्या व्यवस्थेची घडी बसेपर्यंत अनेकांचे चेक लटकले, तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर. सांगलीचे आमचे भाऊकाका एका पतसंस्थेतून सचिव म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी लिहिलं, "तिकडे अमेरिकेत असं चालत नसेल. इथे आपले पैसे दाबून ठेवायचे आणि त्यावर व्याज खायचं, हा धंदा आहे."

योगायोग असा की त्याच आठवड्यात, म्हणजे गुरुवारी 9 ऑक्टोबरला, मी इथे न्यू जर्सीत एक चेक भरला होता. आमची गाडी मागून ठोकली गेली होती. दुरुस्तीपेक्षा गाडीची किंमत देऊन टाकलेली परवडेल असा हिशेब करून विमा कंपनीने 19,400 डॉलरचा चेक पोस्टाने धाडला. मी शाखेत जाऊन काउंटरवर भरला. पावतीसोबत आणखी एक कागद हातात आला, त्यावर तीन ओळी होत्या. 275 डॉलर उद्या. 6,450 डॉलर मंगळवारी. उरलेले 12,675 डॉलर 21 ऑक्टोबरला. मध्ये शनिवार-रविवार, सोमवारी कोलंबस डेची सुट्टी, त्यामुळे कामकाजाचा सातवा दिवस थेट तिकडच्या लक्ष्मीपूजनाला येऊन टेकला. खाते क्रमांकावर बोट ठेवून त्या कागदाचा फोटो मी काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे तिथेही तेच!"

तेच नाही. म्हणून हा लेख.

त्या कागदावरचे आकडे बँकेने मनाने लिहिलेले नाहीत. 1987 साली अमेरिकी काँग्रेसने एक कायदा केला आणि त्याखाली फेडरल रिझर्व्हने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने, नियम केले. बँकवाले त्यांना 'रेग सीसी' म्हणतात. त्याआधी कोणता चेक किती दिवस अडवायचा हे ज्याची त्याची बँक ठरवायची, आणि दूरच्या राज्यातला चेक असेल तर आठवडा-दोन आठवडे सहज जायचे. काकांचा 'व्याज खातात' हा आरोप त्या काळच्या अमेरिकी ग्राहकानेही केला होता आणि त्यात तथ्य होतं. कायद्याने बँकांना कमाल मर्यादा घालून दिली. साध्या चेकमधली थोडी रक्कम दुसऱ्या दिवशी द्यायचीच, बाकीची त्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी. एका दिवसात भरलेली रक्कम ठरावीक आकड्याच्या वर गेली, तर वरचा भाग जास्त दिवस रोखता येतो. सुरुवातीला हा आकडा 5,000 डॉलर होता. 2020 मध्ये तो 5,525 झाला आणि 1 जुलै 2025 पासून 6,725 आहे. माझे 275 अधिक 6,450 बरोबर तेवढेच होतात.

आता यातली खरी गोम. मंगळवारी जे 6,450 डॉलर मला वापरायला मिळाले, ते विमा कंपनीच्या बँकेने दिले असं मला खात्रीने सांगणारं कोणीही नव्हतं. माझ्या बँकेलाही ते माहीत नव्हतं.

अमेरिकेत चेक वटला की तशी वर्दी कुठून येत नाही. माझ्या बँकेने चेकची प्रतिमा पुढे पाठवली, बहुधा फेडरल रिझर्व्हमार्फत. विमा कंपनीच्या बँकेने चेक मिळाल्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ठरवायचं, चेक वटवायचा की परत धाडायचा. परत धाडायचा असेल तर चेक उलट निघतो. वटवायचा असेल तर ती बँक काही बोलतच नाही. मौन हीच संमती. पण उलट निघालेला चेक माझ्या बँकेपर्यंत पोचायला आणखी वेळ लागतो, आणि कायदा मात्र तिला म्हणतो, तू दोन दिवसांत पैसे दे. मधल्या काळात जे दिले जातात ते बँकेने स्वतःच्या जोखमीवर दिलेले असतात. चेक परत आला तर ती रक्कम माझ्या खात्यातून काढून घ्यायचा तिला हक्क आहे. मी ती खर्च केली असेल तर खातं उणे होतं आणि देणं माझ्या डोक्यावर बसतं.

मौनाला मुदत असली तरी ते सगळ्याच बाबतीत कायमचं नसतं. चेक लिहिणाऱ्याची सही खोटी निघाली आणि मध्यरात्रीची वेळ टळून गेली, तर नुकसान साधारणपणे चेक देणाऱ्याच्या बँकेचं. पण चेकवरचं नाव किंवा रक्कम खोडून बदललेली असेल, किंवा चेकच्या मागची सही दुसऱ्याच कोणाची असेल, तर दावा महिन्यांनीसुद्धा चेक भरून घेणाऱ्या बँकेवर येऊन आदळू शकतो. हे इथलं नेहमीचं दुखणं आहे. पोस्टाच्या निळ्या पेट्यांतून पाकिटं चोरायची, चेकवरची शाई रसायनाने धुवायची, नवं नाव आणि नवी रक्कम लिहायची. 2022 मध्ये बँकांनी चेकच्या फसवणुकीचे 6 लाख 80 हजारांहून जास्त संशयित व्यवहार सरकारकडे कळवले. आदल्या वर्षी ते साडेतीन लाखांच्या आसपास होते. चेकचा वापर घटत चाललाय आणि त्यातली चोरी वाढतेय, असा उलटा प्रकार.

आणि रक्कम रोखली नाही तर काय होतं ते 2024 च्या ऑगस्टअखेरीस सगळ्या देशाने पाहिलं. जेपी मॉर्गन चेसच्या एटीएममध्ये मोठ्या रकमेचा चेक भरा, पैसे लगेच काढता येतात, अशी चूक सापडल्याचे व्हिडिओ टिकटॉकवर फिरले. पोरांनी स्वतःच्याच नावाने हजारो डॉलरचे चेक लिहून भरले आणि नोटा काढून उडवल्या. चेक परत आल्यावर खाती उणे. ऑक्टोबरमध्ये बँकेने काही जणांवर दावे लावले. त्यातल्या ह्यूस्टनच्या एका प्रकरणात चेक 3,35,000 डॉलरचा होता. ज्याला पोरं बँकेची चूक समजली ती चेकची जुनीच फसवणूक होती.

आपल्या मुलांशी याचा थेट संबंध आहे. पुण्या-नाशिकहून इथे शिकायला आलेल्या मुलाला ईमेल येतो: घरून करायचं सोपं काम आहे, साहित्य घेण्यासाठी चेक पाठवतो, तुझा पगार ठेवून उरलेले अमुक माणसाला पाठव. चेक भरला जातो, दोन दिवसांत खात्यात रक्कम दिसते, मुलगा विश्वासाने उरलेले पैसे पाठवून देतो. आठवड्याने चेक खोटा म्हणून परत येतो. पाठवलेले पैसे गेले, आणि बँकेचं देणं या मुलाच्या नावावर. विद्यापीठं दर सत्राला या प्रकाराची सूचना काढतात, तरी मुलं फसतात, कारण भारतातून येताना 'खात्यात आले म्हणजे आले' हा अनुभव गाठीशी असतो. यूपीआयवर वाढलेल्या पिढीला खात्यात दिसणारी रक्कम अजून आपली नसू शकते ही कल्पनाच परकी आहे.

काकांच्या व्याजाच्या मुद्द्याकडे येते. इथला नियम असा की खातं व्याज देणारं असेल, तर माझ्या बँकेच्या नावे त्या चेकची रक्कम जमा धरली गेली त्या दिवसापासून मला व्याज सुरू झालं पाहिजे, रक्कम मला काढता येत असो वा नसो. म्हणजे रोखून ठेवून त्यावर कमावण्याची वाट कायद्याने बुजवली आहे. (इथल्या चालू वापराच्या खात्यावर व्याज म्हणजे कॉफीचाही खर्च निघत नाही, ही गोष्ट वेगळी.) पण काकांचा संशय मी हसण्यावारी नेणार नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सहा महिन्यांत खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येतील असं सांगितलं गेलं. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दारात लोक उभे राहिले तेव्हा सुरुवातीला तेवढेही मिळत नव्हते. ज्या राज्यात सहकारी बँकेच्या शटरबाहेर रांगा लागलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत, तिथे 'तुमचे पैसे दोन दिवस थांबतील' हे वाक्य कोणी साध्या कानाने ऐकत नाही. मात्र बँक बुडायला आल्यामुळे ठेव अडकणं आणि चेकचा निकाल लागेपर्यंत रक्कम थांबणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. ग्रुपवरच्या भांडणात दोन्ही एकाच पोत्यात भरली जातात.

इथल्या बँकेची बाजू मी इथपर्यंतच घेईन. सात दिवस मला मान्य नाहीत. 2001 च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यानंतर विमानं जमिनीवर आली आणि कागदी चेकचे गठ्ठे जागच्या जागी पडून राहिले. त्यातून धडा घेऊन 2003 मध्ये कायदा झाला आणि 2004 पासून चेकऐवजी त्याची प्रतिमा पाठवता येऊ लागली. आज कागद शाखेच्या बाहेरही पडत नाही. परतीचा चेकही साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत उलट पोचावा असा नियम आहे. मग मोठ्या रकमेला सातवा दिवस कशासाठी? मुदत विमानाच्या काळातली आहे आणि ती कमी करायची कोणालाच घाई नाही. दुसरं म्हणजे, मोठी रक्कम हे एकच कारण रोखायला पुरतं. चेकबद्दल शंका असायची गरज नाही. विमा कंपनीचा छापील चेक आणि फुटपाथवर भेटलेल्या माणसाचा चेक, दोन्हींना एकच काठी. काउंटरवरच्या मुलीला मी म्हटलं, त्यांच्या बँकेला विचारून बघा ना. ती सौजन्याने म्हणाली, तारीख सिस्टीम घालते, आम्हाला बदलता येत नाही. शाखा व्यवस्थापकाला बदलता आली असती असं मला नंतर कळलं, पण त्याने विनाकारण जोखीम का घ्यावी?

या ठिकाणी घरची व्यवस्था मला सरस वाटते, आणि हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं. रिझर्व्ह बँकेच्या नव्या पद्धतीत चेक देणाऱ्याच्या बँकेला स्पष्ट उत्तर द्यावं लागतं, हो किंवा नाही. रक्कम बँकाबँकांत फिरली की तासाभरात ग्राहकाला द्यायची. त्याआधी 2021 पासून 50,000 रुपयांवरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे आहे: चेक देणाऱ्याने क्रमांक, तारीख, नाव, रक्कम आपल्या बँकेला आधीच कळवायची. शाई धुऊन नाव बदलणाऱ्याचा धंदा तिथेच बसतो. इथे अशी सोय मोठ्या कंपन्या पैसे मोजून घेतात. सामान्य खातेदाराच्या ती वाट्याला येत नाही. आणि मोठी रक्कम तातडीने द्यायची तर घरी आरटीजीएस आहे, डिसेंबर 2020 पासून रात्रंदिवस. इथेही फेडरल रिझर्व्हची झटपट सेवा जुलै 2023 मध्ये आली, सरकारनेही 30 सप्टेंबर 2025 नंतर शक्य तिथे कागदी चेक देणं बंद करायचं ठरवलं, पण माझ्या विमा कंपनीला पोस्टाचं तिकीट लावायची हौस आहे त्याला काय करणार.

पण घरची पद्धतही एका जागी घाई करते. संध्याकाळी 7 पर्यंत उत्तर आलं नाही तर चेक मंजूर झाला असं धरलं जातं. मोठ्या बँकांकडे यंत्रं आहेत, माणसं आहेत. तालुक्याच्या गावातली छोटी सहकारी बँक क्लिअरिंगमध्ये थेट नसते. दुसऱ्या मोठ्या बँकेची उप-सदस्य म्हणून असते. चेकची प्रतिमा तिच्याकडे त्या बँकेमार्फत येणार, तिथला एक अधिकारी सह्या ताडून बघणार, शिल्लक बघणार, आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने परत जाणार. त्या अधिकाऱ्याच्या मुलीचं लग्न असेल किंवा गावात इंटरनेट बसलं असेल, तर खोट्या सहीचा चेक न बघताच मंजूर. नुकसान त्या छोट्या बँकेचं, म्हणजे शेवटी तिच्या ठेवीदारांचं. अमेरिकेत निकाल लागेपर्यंतची जोखीम चेक भरणाऱ्यावर आणि त्याच्या बँकेवर. आपल्याकडे ती चेक देणाऱ्याच्या बँकेकडे सरकवली गेली आहे. तत्त्व म्हणून मला ते जास्त न्याय्य वाटतं, कारण सही तिच्याकडे आहे आणि शिल्लकही तिलाच दिसते. फक्त ज्याच्यावर जोखीम टाकली त्याला बघायला वेळ मिळाला पाहिजे.

तीन तासांचा दुसरा टप्पा 3 जानेवारी 2026 ला सुरू व्हायचा होता. तो रिझर्व्ह बँकेने पुढे ढकलला. ग्रुपवर लगेच 'बघा, जमलंच नाही' सुरू झालं. मी काकांना फोन करून विचारलं, तुमच्या संस्थेत मोठ्या रकमेच्या कागदावरची सही तुम्ही किती वेळ बघत होता? ते म्हणाले, "माणूस ओळखीचा असला तर बघतच नव्हतो. अनोळखी असला तर दुसऱ्या दिवशी बोलवायचो." मग म्हटलं, तीन तास आणा जरूर, पण पाच लाखांच्या वर पॉझिटिव्ह पे नसलेला चेक असेल तर छोट्या बँकेला दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत द्या, आणि किती वाजेपर्यंत ते ग्राहकाच्या हातात छापून द्या. काका म्हणाले, एवढं तर आमच्या पोटनियमातही होतं.