कवचबीज, तांब्याचं पाणी आणि ‘गोळ्या आजच बंद करा’

सध्या एक मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या ग्रुपवर जोरात फिरतो आहे. ‘कंपवाताला कायमचा रामराम’ असं त्याचं शीर्षक. कंपवात म्हणजे पार्किन्सनचा आजार. मजकूर थोडक्यात असा: कंपवात हा मेंदूचा आजार नाहीच, तो नसांचा अशक्तपणा आहे. इंग्रजी गोळ्यांची सवय लागते आणि पाच वर्षांत त्या चालेनाशा होतात, म्हणून आजच बंद करा. कवचबीजाचं चूर्ण दोन चमचे दुधातून घ्या, 40 दिवसांत थरथर गायब. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी प्या, कोणत्याही वयातला कंप जातो. आणि मेंदूत तार घालायच्या ऑपरेशनला तयार होऊ नका, माणूस वेडा होतो.

माझ्या थोरल्या काकांना, नानांना, कंपवात आहे. हा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला आणि त्यांनी तो खरा मानला, म्हणून हे लिहिते आहे. सहकारनगरला माझं औषधांचं दुकान आहे. ‘गोळ्या विकते म्हणून बोलते’ असं ज्यांना वाटेल त्यांनी पुढचं वाचावं आणि मग ठरवावं.

नसांच्या अशक्तपणाचा मुद्दा पटकन संपवते. मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके असतात. हालचाल कधी सुरू करायची, किती जोराने करायची, कुठे थांबवायची, हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. त्यांना डोपामिन, म्हणजे पेशींमधले निरोप वाहणारं रसायन, पुरवणाऱ्या पेशी मरत गेल्या की हालचाल मंदावते, अंग ताठतं, अक्षर बारीक होत जातं, आणि पुष्कळांचा हात थरथरतो. सगळ्यांचा नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं आणि 1960 मध्ये व्हिएन्नात रुग्णांच्या मेंदूतली डोपामिनची कमतरता मोजून दाखवली गेली. यात वादाला जागा नाही.

आता ‘गोळ्या आजच बंद करा’. या एका वाक्यासाठी मी हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला जाब विचारणार आहे. गोळीतला लेव्होडोपा मेंदूत जातो आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. ज्याच्या मेंदूत स्वतःचं डोपामिन जेमतेम उरलंय, त्याचा हा पुरवठा एकदम तोडला तर अंग लाकडासारखं ताठतं, सणसणून ताप चढतो, घाम फुटतो, रक्तदाब वरखाली होतो, माणूस बरळायला लागतो. ताठलेल्या स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. यात माणूस दगावतो. डॉक्टर याला पार्किन्सनिझम-हायपरपायरेक्सिया सिंड्रोम म्हणतात. घरच्यांना मात्र तो साधा ताप वाटतो, क्रोसिन देऊन रात्र काढली जाते, आणि तीच रात्र महागात पडते.

नानांनी आधी दुपारची गोळी सोडली, मग सगळ्याच. काकूला शंका आली ती औषधाच्या डब्यावरून, पट्टी जशीच्या तशी भरलेली. तोवर नाना न्हाणीघराच्या उंबरठ्याशी येऊन थिजायला लागले होते. वरचं अंग पुढे झुकलेलं, एक हात चौकटीवर, आणि पाऊल काही केल्या उचलत नाही. शर्टाचं बटण काजापर्यंत न्यायचे आणि बोटं तिथेच थांबायची. मी विचारलं, ‘नाना, गोळ्या का घेत नाही आहात?’ तर म्हणाले, ‘अगं, सवय मोडतोय.’ ताप चढायच्या आत त्यांच्या न्यूरोलॉजिस्टकडे नेलं, म्हणून निभावलं.

सवय! शरीरात जे तयार होत नाही ते बाहेरून देणं ही सवय नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्याला कोणी ‘सवय लागली’ म्हणून हिणवत नाही. पाच वर्षांच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरायला लागतो, काहींना अंगाच्या नकोशा वळवळी सुरू होतात. पण यात मोठा हात आजार पुढे सरकण्याचा असतो. घानामध्ये औषध फार उशिरा मिळालेल्या रुग्णांच्या अभ्यासातही हेच दिसलं: औषध किती वर्षं घेतलं यापेक्षा आजार किती वर्षांचा आणि डोस किती, यावर हा त्रास अवलंबून होता. असर कमी पडतो तेव्हा डॉक्टर डोस आणि वेळा बदलतात, दुसरं औषध जोडतात.

कोणी गोळ्या सोडल्याच असतील तर पूर्वीचा पूर्ण डोस आपल्या मनाने परत सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. ताप, ताठरपणा किंवा बरळणं दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट पाहू नका.

कवचबीजाबद्दल मला नाइलाजाने एक मान्य करावं लागतं: ते थोतांड नाही. खाजकुहिलीच्या या बियांमध्ये खराखुरा लेव्होडोपा असतो. मद्रासच्या संशोधकांनी 1937 मध्ये तो त्यातून वेगळा काढला होता. म्हणजे मेसेज एका ओळीत जे बंद करायला सांगतो, तेच पुढच्या ओळीत दुधातून द्यायला सांगतो. लंडनमध्ये 2004 साली याची नीट चाचणी झाली. फक्त 8 रुग्ण, पण कोणाला काय दिलंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, अशी काटेकोर. 30 ग्रॅम कवचबीज घेतलेल्यांना नेहमीच्या गोळीच्या जवळपास निम्म्या वेळात गुण आला आणि तो जास्त वेळ टिकला. ज्यांना कवचबीजाचा अभिमान आहे त्यांनी हा अभ्यास जरूर दाखवावा, पण पूर्ण. त्या 30 ग्रॅममध्ये 1000 मिलिग्रॅम लेव्होडोपा मोजून भरलेला होता, गोळीत 200. एकेका डोसची परीक्षा होती, 40 दिवसांची नव्हे. बरं झाल्याचं त्यात कुठेही नाही, आणि लांब पल्ल्याचा अभ्यास हवा असं संशोधकांनीच म्हटलंय. बाजारातल्या पुडीत किती लेव्होडोपा आहे हे मलाही सांगता येत नाही, कारण बी बदललं की प्रमाण बदलतं. गोळ्या चालू ठेवून वर चूर्ण घेणाऱ्याला नकळत दुप्पट डोस जाऊ शकतो: वळवळी, भास, उभं राहताच चक्कर.

दुधातून घेणं तर आणखी उलटं. दुधातल्या प्रथिनांचे घटक आणि लेव्होडोपा एकाच वाटेने आत शिरतात आणि एकमेकांना अडवतात. म्हणून तर गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात.

आणि काउंटरवर मी जे पाहते ते याहून वाईट आहे. गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असतो, तो औषधाचं मेंदूबाहेरच डोपामिन होऊ देत नाही. चूर्णात तो नसतो, त्यामुळे मळमळ आणि उलट्या होतात. मग घरचं कोणीतरी येऊन म्हणतं, ‘ताई, उलटीवर पेरिनॉर्म द्या.’ पेरिनॉर्म म्हणजे मेटोक्लोप्रमाइड. ते मेंदूतलं डोपामिनचं कामच अडवतं, कंपवाताच्या माणसाला ते देऊच नये. चकरेसाठी महिनोन्महिने घेतल्या जाणाऱ्या सिनारिझिनचंही तसंच, त्याने चांगल्या माणसाला कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. दुकानदाराला आजार सांगितल्याशिवाय उलटीची किंवा चकरेची गोळी मागू नका, आणि दुकानदारांनो, विचारल्याशिवाय देऊ नका.

ऑपरेशनबद्दल दोनच वाक्यं. मेंदूत इलेक्ट्रोड, म्हणजे बारीक तारा, बसवून विजेचं उत्तेजन द्यायची पद्धत 1987 पासून विकसित होत गेली. ती सगळ्यांसाठी नाही, खर्चिक आहे, धोके आहेत, पण निवडक रुग्णांना तिचा मोठा फायदा होतो. ‘वेडा होतो’ हे खोटं आहे.

राहिलं तांब्याचं पाणी. धडधाकट माणसाने ते प्यायलं तर सहसा काही बिघडत नाही, म्हणून लोकांना हा मुद्दा निरुपद्रवी वाटतो. पण ‘कोणत्याही वयातला कंप’ हे शब्द भयंकर आहेत. पंधरा-वीस वर्षांच्या मुलाचा हात थरथरतो, बोलणं जड होतं, तेव्हा डॉक्टरांच्या मनात पहिल्या काही शंकांमध्ये विल्सनचा आजार येतो. 1912 मध्ये वर्णन झालेल्या या आनुवंशिक आजारात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात आणि याच बेसल गँग्लियात साठत जातं. नात्यात लग्न झालेल्या घरांमध्ये याचा धोका जास्त, आणि मामेबहिणीशी लग्न आपल्याकडे काही नवं नाही. हा आजार वेळेत सापडला तर पेनिसिलामाइन, झिंक यांसारख्या औषधांवर माणूस आयुष्य नीट काढतो. अशा मुलाला डॉक्टर तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करायला सांगतात, आणि हा मेसेज तेच पाणी रोज उपाशीपोटी पाजायला सांगतो. तरुण मुलाचा हात थरथरत असेल तर रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), लघवीतलं तांबं आणि स्लिट लॅम्पखाली, म्हणजे नेत्रतज्ज्ञांच्या सूक्ष्मदर्शकाखाली, डोळे तपासून घ्या. बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं तर भावंडांचीही तपासणी करा, त्यांना अजून काही होत नसलं तरी.