‘पंप सगळं आपोआप करतो’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये एक फॉरवर्ड जोरात फिरतोय: ‘कृत्रिम स्वादुपिंड आलं! सेन्सर साखर मोजतो, पंप आपोआप इन्शुलिन देतो. जेवण मोजायला नको, सेटिंग नको, इंजेक्शन नको. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी एचबीएवनसी पाहिलं की झालं.’ (एचबीएवनसी म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी.) मी डायबेटिस एज्युकेटर आहे. हाच मजकूर मला दोन डॉक्टरांनीही पाठवला, म्हणून लिहायला बसले.

यंत्राशी माझं भांडण नाही. २०१९ साली कंट्रोल-आयक्यू या अशाच स्वयंचलित पंपाची अमेरिकेतली चाचणी प्रसिद्ध झाली: १६८ जण, सहा महिने. साखर ७० ते १८० मध्ये राहण्याचा वेळ ६१ टक्क्यांवरून ७१ वर गेला. साधा पंप आणि सेन्सर वापरणाऱ्यांचा ५९ वरच राहिला. भांडण आहे ते त्या तीन ‘नको’शी आणि शेवटच्या ‘झालं’शी.

‘जेवण मोजायला नको.’ त्वचेखाली दिलेलं इन्शुलिन कामाला लागायला पंधरा-वीस मिनिटं घेतं, जोर धरायला तासभर. भाताची साखर तेवढी थांबत नाही. म्हणून आजच्या बहुतेक पंपांना जेवणाआधी कार्ब (कर्बोदकं) किती ग्रॅम ते सांगावंच लागतं. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या आयलेट या पंपाला ग्रॅम नको असतात, पण जेवण नेहमीएवढं, कमी की जास्त, हे त्यालाही सांगावं लागतं. आता घरात होतं काय? मूल जेवून उठतं, तासाभराने आईला बोलस (जेवणासाठीचा इन्शुलिनचा डोस) राहिल्याचं आठवतं आणि ती पूर्ण कार्ब टाकते. तोवर चढती साखर पाहून पंपाने आपलं इन्शुलिन दिलेलंच असतं. दोन्ही मिळून हायपो, म्हणजे साखर फार खाली. एरवीच्या साध्या हायपोतही जुन्या सवयीने तीन चमचे, म्हणजे पंधरा ग्रॅम, साखर दिली जाते. पण साखर उतरताना पंपाने आधीच इन्शुलिन रोखलेलं असतं, त्यामुळे बहुतेकदा पाच ते दहा ग्रॅम पुरतात. पंधरा दिले की तासाभरात आकडा अडीचशे, आणि दोष यंत्राला! उशीर झाला तर पूर्ण बोलस द्यायचा नाही, हे त्या आईला कोणी सांगितलेलंच नसतं.

‘सेटिंग नको.’ इथे डॉक्टरही फसतात. मिनिमेड ७८०जी हा पंप ऑटोमध्ये (आपोआप चालण्याच्या मोडमध्ये) असताना बेसल, म्हणजे दिवसभर थोडं थोडं जाणारं इन्शुलिन, तो स्वतः ठरवतो. रिपोर्ट पाहून बेसल वाढवलं तरी ऑटोमध्ये त्याचा काही उपयोग नाही. हातात उरतं ते टार्गेट (१००, ११० किंवा १२०), इन्शुलिन शरीरात किती वेळ सक्रिय धरायचं तो काळ, आणि कार्ब रेशो (किती ग्रॅम कार्बला एक युनिट इन्शुलिन). दुसऱ्या कंपनीच्या पंपात हीच यादी वेगळी. म्हणून कोलोरॅडोतल्या बार्बरा डेव्हिस सेंटरच्या तज्ज्ञांनी ‘केअर्स’ ही चौकट मांडली: यंत्र हिशोब कसा करतं, त्यात आपण काय बदलू शकतो, ऑटो सोडून हाताने कधी चालवायचं, रुग्णाला काय शिकवायचं, आणि सेन्सर व रिपोर्ट शेअर करण्याची सोय काय. नवा पंप समोर आला की ही पाच उत्तरं आधी मिळवावीत.

‘इंजेक्शन नको’ हे वाक्य मात्र जिवावर बेतू शकतं. पंपात फक्त जलद इन्शुलिन असतं. लांब पल्ल्याचं शरीरात काहीच नसतं. कॅन्युला (त्वचेखाली बसवलेली बारीक नळी) दुमडली तर काही तासांत कीटोन (इन्शुलिन कमी पडल्यावर शरीरात तयार होणारी आम्लं) वाढू लागतात, आणि पंप बिचारा न पोचणारं इन्शुलिन ढकलत बसतो. वर सांगितलेल्या चाचणीत स्वयंचलित गटातल्या एकाला कीटोअॅसिडोसिस (कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होणं) झाला, तो पंप बिघडल्यामुळेच. साखर अडीचशेच्या वर अडकली आणि बोलसने उतरली नाही, तर कीटोन तपासा, पेनने इंजेक्शन द्या, सेट (कॅन्युला आणि तिची नळी) बदला. पेन आणि कीटोनच्या पट्ट्या शाळेच्या दप्तरातही हव्यात.

राहिलं एचबीएवनसी. ती सरासरी आहे. रात्रीच्या हायपो तिच्यात लपतात. मी आधी चौदा दिवसांचा रिपोर्ट उघडते. ऑटोमध्ये किती वेळ, दिवसाला बोलस किती, सेट किती दिवसांनी बदलला, ७० च्या खाली वेळ ४ टक्क्यांच्या आत आहे का. ऑटोमधला वेळच निम्मा असेल तर बाकीचे आकडे बाजूला ठेवून, तो बंद का पडतो एवढंच विचारते. ‘ते पंप कंपनीचा माणूस बघतो’ असं उत्तर येतं. तो बटणं उत्तम शिकवतो, पण डोस ठरवणं त्याचं काम नाही. आणि एक, पंपाचा रिपोर्ट अपलोड करायचा पासवर्ड त्याच्याकडून आजच घरी लिहून घ्या. तो सापडला नाही म्हणून रिपोर्टशिवाय आटोपलेल्या भेटी मी पुष्कळ पाहिल्यात.