आमच्या विहिरीतला गणपती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल भागातल्या माणसाला घरात बसवत नाही. मारबत, म्हणजे सगळ्या वाईटाची बाईच्या रूपातली मोठी मूर्ती, मिरवणुकीनं निघते. पिवळी जागनाथ बुधवारीतून, काळी इतवारीतून, मागे बडग्यांची, म्हणजे टीका करायला केलेल्या पुतळ्यांची, रांग अन् सगळीकडे एकच आरोळी, "घेऊन जा गे मारबत!" १८८० च्या दशकापासून नागपूरकर रोगराई, महागाई, भ्रष्टाचार असं सगळं तिच्या पदरात टाकतात आणि घरी जाऊन जेवतात. मीही लहानपणापासून घसा बसेस्तोवर ओरडलो आहे. बडग्या कधी पुढाऱ्याचा असतो, कधी महागाईचा, कधी खड्ड्यांचा. स्वतःच्या घरासमोरची नाली स्वतःच बुजवणाऱ्या माणसाचा बडग्या मात्र मी अजून पाहिला नाही. कोणी केलाच तर त्याला चष्मा लावावा लागेल आणि हातात माझी पिशवी द्यावी लागेल.

हे सुचायला कारण आमची विहीर.

वाड्याच्या मागच्या अंगणात आहे, पस्तीसेक फूट खोल. आजोबांच्या वेळी तिच्यावर रहाट होता. घरात नळ आला आणि तिचा मान गेला. आधी ती कपड्यांपुरती उरली, मग झाडांपुरती, मग निर्माल्यापुरती. विहिरीत टाकलं की कोणाचा पाय लागत नाही, हे आईचं शास्त्र. १९९८ मध्ये मीच बाबांच्या मागे लागून तिच्यावर स्लॅब टाकून घेतला, कारण मला स्कूटर ठेवायला जागा पाहिजे होती. दोन बाय दोनचं एक भोक ठेवलं, वर लोखंडी झाकण. घरचा गणपती पुढे काही वर्षं त्या भोकातूनच विसर्जित होत गेला. गर्दीत फुटाळा तलावावर कोण जाते?

२०१९ च्या जुलैत नागपूरला पाणी देणारं पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंचमध्ये येणारं पाणी कमी झालंच होतं, त्यात पावसानं दगा दिला. मी इथंच फेसबुकवर एक सणसणीत पोस्ट टाकली. दोन्ही राज्यांची सरकारं, महापालिका, कोणालाच सोडलं नाही. आयुष्यात एवढे लाईक मला कधी मिळाले नव्हते. कौतुकानं आईला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाण्यावर गाडी उभी केली, अन् पाण्यासाठी रडून राहिला तू."

मग स्लॅब फोडला.

गाळ काढायला आलेल्या माणसांनी आधी दोरानं एक पेटता कंदील आत सोडला. अर्ध्यातच विझला. "साहेब, आज नाही उतरत," म्हणाले. बंद विहिरीत विषारी हवा साचते हे मला पुस्तकात माहीत होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. दोन दिवस तोंड उघडं ठेवलं, कंदील तळापर्यंत पेटता राहिला, तेव्हा कुठे ते उतरले. टोपलं वर येऊ लागलं. काळा चिखल, नारळाच्या शेंड्या, देवांच्या फुटक्या फ्रेमा, दुधाच्या पिशव्या, आजीचा हरवलेला पितळी गडवा. आणि एक हात. प्लास्टरचा, मनगटापासून तुटलेला, रंग गेलेला, पण बोटात आईनं चिकटवलेला लाल खडा तसाच. त्याच्यामागून सोंडा, मुकुट, उंदीर. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही हे मी दर वर्षी शेअर करायचो. आमचे सगळे गणपती पायऱ्यांनी खाली जाऊन बसल्यासारखे थरावर थर बसले होते.

त्या दिवशी कोणाचा बडग्या करायचा होता?

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये सुरू व्हाल. मी दात घासताना नळ बंद केल्यानं नाग नदी स्वच्छ होणार नाही. शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या धरणात जाते. ते शुद्ध करूनच सोडणं हे सरकारचं आणि महापालिकेचं काम आहे, माझ्या आईच्या बादलीचं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, माणसं गेली, घरं बुडाली. तिथल्या लोकांना "तुम्ही प्लास्टिक वापरू नका" असं सांगणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. सगळं नागरिकाच्या अंगावर ढकलायचं, ही सुद्धा एक मारबतच आहे, फक्त ती उलट्या दिशेनं निघते.

पण याच्या आडून मी जे वीस वर्षं केलं तेही सांगतो. "व्यवस्था बदलली पाहिजे" म्हणत मी व्यवस्थेसाठीही काही केलं नाही. २०२१ मध्ये शहरातल्या अजनीची झाडं वाचवायला लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा मी घरून त्यांना लाल बदाम पाठवला. घरातलं नाही केलं आणि बाहेरचंही नाही. विहीर उघडल्यावर झालं एवढंच, की पाण्याला वास कशाचा येतो हे शोधताना शेजारच्या गळक्या चेंबरपर्यंत पोहोचलो, तिथून गल्लीच्या गटारापर्यंत, आणि मग अर्ज घेऊन झोन ऑफिसात. चार चकरा झाल्या, पाचव्यांदा आम्ही सहा जण गेलो. पाईप बदलला. पोस्टनं हे झालं नव्हतं.

पाणी पिण्यालायक नाही, तपासून घेतलं. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा आमच्या बाजूच्या चार घरांचे कूलर याच पाण्यावर चालतात. कूलरला पेंचचं पिण्याचं पाणी ओतायचं हा आपला नागपुरी नवाबी थाट, त्याचा हिशेब आपण कधी करत नाही. गणपती आता मातीचा, बादलीत विरघळतो, ती माती कुंडीत. स्कूटर रस्त्यावर उभी असते, दोनदा आरसा फुटला. आणि हो, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर मी अजूनही स्कूटरनंच जातो. लाज वाटते, पण जातो.

स्लॅब फोडताना बाजूचे काका गच्चीवरून म्हणाले होते, "एकट्यानं काय होते बाप्पा? कायले पैसे घालवून राहिला?" या उन्हाळ्यात पहाटे सहालाच त्यांचा पाईप आमच्या भिंतीवरून आत आला. वर तक्रारही आहे, की मी मोटार उशिरा लावतो. विजेच्या बिलाचा विषय काढला की मात्र त्यांना ऐकू येत नाही.