पिसलं कोणी?

आमचा ऑनलाइन मेंढीकोट, म्हणजे दोन-दोन भिडूंच्या जोड्यांनी खेळायचा पत्त्यांचा डाव, येत्या शनिवारी लाँच व्हायचा होता. आता तो दिवाळीनंतर. कारण, भागीदाराचे सासरे.

भागीदाराच्या फ्लॅटमधली मागची खोली हेच आमचं ऑफिस. अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कराडहून आलेत. फोन बघू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, त्यामुळे ते दिवसभर फोनच बघतात. परवा भागीदाराने कौतुकाने गेम त्यांच्या हातात दिला. अण्णा आणि त्यांचा भिडू कॉम्प्युटर, विरुद्ध आम्ही दोघं. पानं वाटली गेली आणि अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पिसलं कोणी?"

"सर्व्हर पिसतो, अण्णा."

"आणि काटलं?"

"काटायची गरजच नाही. सर्व्हर कुणाच्या बाजूचा नसतो."

"तलाठीपण नसतो," अण्णा म्हणाले आणि खेळू लागले.

म्हणजे खेळणार होते. त्यांनी आधी तंबाखूची पुडी सोडली, चुना लावला, मळायला घेतली, आणि तेवढ्यात त्यांचा वेळ संपून चौकटचा राजा आपोआप पडला. "माझं पान कोणी टाकलं?" मी सांगितलं, पंधरा सेकंदांचा टायमर आहे, बाकीचे तिघं ताटकळू नयेत म्हणून. "तिघं ताटकळतात म्हणून तर मळायची," अण्णा म्हणाले. "उतावळा माणूस चुकीचं पान टाकतो."

पुढे एका हाताला ते खोकले. मग पडद्याकडे बघत बसले. पुन्हा खोकले, या वेळी फोन तोंडाजवळ धरून. कॉम्प्युटरने शांतपणे किलवरची दुर्री टाकली.

"ह्याला ऐकू येत नाही का?"

"कोणाला?"

"माझ्या भिडूला! खोकलो की मी. दश्शी माझ्याकडं आहे, मोठं पान टाक म्हणून."

त्यांची दश्शी गेली. बाकीच्या तीन आधीच जावयाने ओढल्या होत्या. चारही दश्श्या, म्हणजे मेंढ्या, आमच्याकडे. कोट. पडद्यावर मी मोठ्या हौसेने बनवलेले फटाके फुटले आणि त्यांच्या उजेडात भागीदाराचा चेहरा काळवंडलेला दिसला. सासऱ्यावर कोट चढवलेला जावई रात्री काय तोंडाने जेवायला बसणार?

"तरी मी विचारत होतो," अण्णा म्हणाले, "पिसलं कोणी?"

आता पिसण्याबद्दल मी गप्प बसू शकत नाही, कारण ते मी लिहिलंय. बावन्न पानांच्या मांडण्या किती होतात, तर अडुसष्ट आकडी संख्या. १९९९ साली अमेरिकेत काही प्रोग्रॅमरांनी एका ऑनलाइन पोकरचं पिसणं फोडून दाखवलं. तिथला डाव ३२ बिटांच्या एका आकड्यावरून ठरायचा, म्हणजे मांडण्या निघायच्या फक्त सव्वाचारशे कोटींच्या आसपास. तो आकडा सर्व्हरच्या घड्याळावरून निघायचा, त्यामुळे ते घड्याळ जुळवून घेतलं की पाच पानं बघून उरलेली सगळी सांगता यायची. ते वाचल्यावर मी रात्री जागून आमचं पिसणं पक्कं केलं. दुसऱ्याची पानं तुमच्या फोनवर येतच नाहीत, ती सर्व्हरवरच राहतात. गंमत अशी की खरंखुरं पिसलेलं माणसाला खोटं वाटतं. पत्त्यांचा कॅट अर्धा अर्धा करून पानं एकमेकांत सोडत पिसला, तर नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावा लागतो, हे १९९२ साली दोन गणितज्ञांनी मांडलं. आपल्याकडे तीनदा फिरवला की "वाट रे" होतं. दोन पिढ्या अर्धवट पिसलेल्या पानांवर वाढल्यात, त्यांना माझा सर्व्हर चोर वाटणारच.

पण अण्णांचा मुद्दा पिसण्यावरून केव्हाच पुढे गेला होता. खोकायची सोय का नाही? कट्ट्यावर "आज उकडतंय" म्हटलं की हुकूम संपले. पान नाकाला लावलं की एक्का. "ही लबाडी झाली, अण्णा." "चौघंही करतात. मग लबाडी कसली? गणपतीच्या मांडवात रात्र रात्र बसतात लोकं, ते काय पानं बघायला?"

चॅट मी मुद्दाम काढलं होतं. अनोळखी चौघांना बोलायची सोय दिली की तिसऱ्या हाताला आई-बहीण निघते. रिचर्ड बार्टल या ब्रिटिश गृहस्थाने १९७८ साली एसेक्स विद्यापीठात मित्राबरोबर अनेकांनी मिळून खेळायच्या पहिल्यावहिल्या कॉम्प्युटर गेमपैकी एक बनवला आणि १९९६ मध्ये अशा खेळाडूंचे चार प्रकार पाडले, तेही पत्त्यांवरून. बदाम गप्पा मारायला येतात, चौकट जिंकायला, इस्पिक धुंडाळायला आणि किलवर दुसऱ्याला छळायला. किलवर वाढले की बदाम पळतात. हे सगळं मी डिझाइनच्या फाइलीत लिहून ठेवलंय. ती फाइल भागीदाराने एकदाही उघडलेली नाही. उघडली असती तर मला दिसलं असतं.

हेच डोक्यात जातं. टायमर का, चॅट का नाही, हे जानेवारीत विचारायला काय झालं होतं? तेव्हा बदल म्हणजे कागदावरची एक ओळ होती. लाँचला आठवडा उरला की ज्याला त्याला कंठ फुटतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा आला, तेव्हापासून आमचा वॉचमनसुद्धा विचारतो, "साहेब, तुमचं बंद नाही झालं?" आमच्यात पैसे लावायचे नसतात, असं सांगितलं की त्याला काळजी वाटते. "मग खाणार काय?" याचं उत्तरही त्या फाइलीत आहे, पण मलाच ते पटत नाही.

रात्री मीटिंग झाली. मीटिंग म्हणजे मी, भागीदार आणि पिठलं-भात. "अण्णांच्या बोलण्यात दम आहे," भागीदार म्हणाला. ठरलं असं की खुणांची बटणं द्यायची. खोकला, उकाडा, नाक. डाव सुरू होण्याआधी कोणत्या खुणेचा काय अर्थ, ते भिडूंनी आपसात ठरवायचं. विरुद्ध बाजूलाही खोकला ऐकू येणार, अर्थ मात्र ज्याचा त्याने लावायचा. कॉम्प्युटरलाही खोकला कळला पाहिजे, आणि ते शिकवायचं काम अर्थात माझ्याकडे. नामावलीत "संकल्पना" म्हणून अण्णांचं नाव जाणार आहे. माझं "तांत्रिक साहाय्य" या सदरात, ज्या मुलाने आमचा वायफाय बसवला त्याच्या खाली.

काल अण्णांचा खोकला रेकॉर्ड करायला बसलो. त्यांनी तीन दिले. मी हेडफोन लावून ऐकत होतो, तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

"मधला पुसून टाका," अण्णा म्हणाले. "तो खरा होता."