मॅडोना म्हणजे नुसता वेषपालट?

मॅडोना या अमेरिकन पॉप गायिकेबद्दल एक मजकूर बरीच वर्षं या ना त्या रूपात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: हिने दर अल्बमला वेष बदलला आणि लोकांनी त्यालाच कला म्हटलं, गाणी त्या त्या वेळच्या प्रोड्यूसरची (ध्वनिमुद्रण घडवून आणणाऱ्याची), नवे प्रवाह क्लबांतून उचललेले, आवाज मुळात बेताचा, तोही यंत्राने सरळ केलेला. यात एक मुद्दा बऱ्यापैकी खरा आहे आणि तो खाली मान्यही केला आहे. बाकीचा मजकूर अल्बमच्या मागची बारीक अक्षरं न वाचता लिहिलेला दिसतो.

"आधी चेहरा विकला, मग गाणं"

पहिल्याच पायरीवर हे कोसळतं. 1982 मध्ये सायर रेकॉर्ड्सने तिचं पहिलं सिंगल (सुटं विकलेलं गाणं) काढलं, 'एव्हरीबडी'. त्याच्या वेष्टनावर तिचा फोटोच नव्हता, न्यू यॉर्कच्या रस्त्याचं चित्र होतं. अनेक श्रोत्यांना ही गायिका कृष्णवर्णीय असावी असंच वाटत होतं. म्हणजे पहिलं गाणं क्लबांत चाललं ते चेहरा न दाखवता. ही संधी मिळाली कशी, तर डान्सटेरिया या क्लबचा डीजे मार्क कामिन्स याच्या हातात तिने स्वतःची डेमो टेप दिली, त्याने ती वाजवली आणि पुढे कंपनीपर्यंत पोचवली. त्याआधी ती बँडमध्ये ड्रम्स वाजवत होती, हेही या मजकुरात कधी सापडत नाही.

1984 चा लग्नाचा पोशाख घ्या. एमटीव्हीच्या पहिल्या पुरस्कार सोहळ्यात, 14 सप्टेंबरला, तिने तो घालून 'लाइक अ व्हर्जिन' म्हटलं. अल्बम बाजारात आला नोव्हेंबरमध्ये. तारखांवरून वाटेल की आधी पोशाख, मग संगीत. पण ध्वनिमुद्रण त्याच वर्षाच्या पूर्वार्धात उरकलं होतं. पहिल्या अल्बमची गाणी अजून खपत होती म्हणून कंपनीने दुसरा अडवून ठेवला. पोशाख आला तो तयार गाण्यावर.

"गाणी प्रोड्यूसरची, नाव हिचं"

इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळा गोंधळ याच मुद्द्यात आहे.

1983 च्या पहिल्या अल्बममध्ये आठ गाणी आहेत. त्यातली पाच तिने एकटीने लिहिली: 'लकी स्टार', 'बर्निंग अप', 'आय नो इट', 'थिंक ऑफ मी' आणि 'एव्हरीबडी'. 'बॉर्डरलाइन' आणि 'फिजिकल अट्रॅक्शन' अल्बमचा प्रोड्यूसर रेजी लुकास याची, 'हॉलिडे' कर्टिस हडसन आणि लिसा स्टीव्हन्स यांचं. लुकासने केलेलं काम तिला फार गच्च भरल्यासारखं वाटलं, म्हणून तिने जॉन 'जेलीबीन' बेनिटेझ या डीजेकडून काही गाणी पुन्हा मिक्स करून घेतली. पहिलाच अल्बम, हातात फारशी सत्ता नाही, आणि तरी निवड करणारी तीच.

'लाइक अ व्हर्जिन'वर मात्र टीकाकारांना गुण द्यायला हवेत. नऊपैकी पाच गाण्यांवर तिचं नाव आहे, पण लोकांना आठवतात ती दोन, शीर्षकगीत आणि 'मटीरियल गर्ल', दोन्ही दुसऱ्यांची. प्रोड्यूसर नाइल रॉजर्स, वादकही त्याच्याच 'शिक' बँडचे: बासवर बर्नार्ड एडवर्ड्स, ड्रम्सवर टोनी थॉम्पसन. पहिल्या अल्बममध्ये ठेका लिनड्रम यंत्राचा आणि बास मूग सिंथेसायझरचा होता. इथे माणसं वाजवतात, आणि फरक कानाला लगेच लागतो. हा आवाज मुख्यतः रॉजर्सचा, यात वाद नाही. अडचण अशी की टीकाकार हा एक अल्बम घेतात आणि पुढची वीस वर्षं त्यातच मोजतात.

कारण 1986 च्या 'ट्रू ब्लू'पासून चित्र बदलतं. त्या अल्बममधल्या सगळ्या गाण्यांच्या लेखनात आणि निर्मितीत तिचं नाव आहे. 1989 च्या 'लाइक अ प्रेयर'मध्ये अकराही गाण्यांवर आहे. आता शंका अशी येते की नाव तर कुणीही लावून घेईल. रास्त शंका आहे. पॉपमध्ये मोठ्या गायकांनी एखादा शब्द बदलून श्रेयात वाटा घेतल्याची उदाहरणं आहेत. म्हणून काम प्रत्यक्षात कसं चालतं ते बघू. तिचा सहलेखक आणि प्रोड्यूसर पॅट्रिक लिओनार्ड कॉर्ड्सची मांडणी, ठेका आणि पार्श्वसंगीत तयार करायचा. त्यावर गायची सुरावट आणि शब्द ती करायची. या धंद्यात याला टॉपलाइन म्हणतात, आणि आपण गाणं गुणगुणतो तेव्हा गुणगुणतो ती टॉपलाइनच. ती लंगडी असेल तर काय होतं? कडवं लांबतं, कोरस उशिरा येतो, आला तरी कडव्यापेक्षा वर चढत नाही. मग कितीही सिंथ लावा, गाणं उभं राहत नाही.

'लिव्ह टू टेल' याचा चांगला नमुना. लिओनार्डने ते एका चित्रपटासाठी नुसतं वाद्यसंगीत म्हणून केलं होतं, तिथे ते नाकारलं गेलं. तिने त्यावर चाल आणि शब्द बांधले आणि डेमो म्हणून गायली. तो डेमोचा आवाजच शेवटच्या ध्वनिमुद्रणात राहिला. गाण्याच्या मधोमध संगीत जवळजवळ थांबतं आणि मग आवाज खालून पुन्हा सुरू होतो. सिंगलसाठी हे धाडस होतं, कारण असा खड्डा रेडिओला आवडत नाही.

प्रोड्यूसरच आवाज ठरवत असता तर एक साधी गोष्ट दिसायला हवी होती: तोच प्रोड्यूसर, तर तोच आवाज. लिओनार्ड 1986 मध्ये आहे, 1989 मध्ये आहे, आणि 1998 च्या 'फ्रोझन'मध्येही सहलेखक आहे. तीन गाणी ओळीने ऐका: 'लिव्ह टू टेल', 'लाइक अ प्रेयर', 'फ्रोझन'. पहिल्यात सिंथवर उभी केलेली संथ बॅलड, दुसऱ्यात आंद्रे क्राउचचा गॉस्पेल वृंद आणि फंक बास, तिसऱ्यात क्रेग आर्मस्ट्राँगची तंतुवाद्यं आणि विल्यम ऑर्बिटचे तुटक इलेक्ट्रॉनिक ठोके. माणूस तोच. बदललं काय, तर त्याच्याभोवती कुणाला बसवायचं हा निर्णय, आणि तो निर्णय घेणारी व्यक्ती.

"जे चालतंय ते उचलायचं"

हाच तो बऱ्यापैकी खरा मुद्दा. 1990 चं 'व्होग' हार्लेममधल्या बॉलरूम नृत्यावर उभं आहे. ते नृत्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी समाजाने घडवलं होतं, आणि तिच्या आधी माल्कम मॅक्लॅरेननेही त्यावर गाणं काढलं होतं. व्हिडिओत आणि दौऱ्यात त्याच वर्तुळातले होझे गुतिएरेझ आणि लुइस कमाचो नाचले, हे खरं. पण पैसा आणि नाव सर्वांत जास्त कुणाला मिळालं हा प्रश्न त्याने मिटत नाही. 2008 चा 'हार्ड कँडी' तर सरळच प्रवाहामागे गेला: टिंबालँड आणि फॅरेल विल्यम्स हे प्रोड्यूसर तेव्हा सगळीकडेच होते आणि अल्बम त्यांच्या इतर कामासारखाच वाजतो. 1994 मध्ये तिने घेतलेला प्रोड्यूसर बेबीफेसही नवा नव्हता.

पण उरलेली यादी बघा. विल्यम ऑर्बिट 1998 च्या आधी अँबियंट (संथ, वातावरण उभं करणारं) संगीत आणि रीमिक्ससाठी माहीत होता. ब्लर आणि ऑल सेंट्सबरोबरचं त्याचं गाजलेलं काम 'रे ऑफ लाइट'नंतरचं. मिरवैस अहमदझाई हा प्रोड्यूसर फ्रान्सबाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. तिने त्याच्यासोबत 2000 चा 'म्युझिक' केला. स्टुअर्ट प्राइस तिच्या दौऱ्याचा संगीत दिग्दर्शक होता आणि 2005 च्या 'कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर'चं बरंच काम लंडनमध्ये त्याच्या घरातल्या स्टुडिओत झालं. किलर्स आणि कायली मिनोग त्याच्याकडे नंतर गेले. चालू प्रवाह उचलणारा माणूस महागडा, सिद्ध झालेला प्रोड्यूसर घेतो. हे तिघे तसे नव्हते.

'रे ऑफ लाइट'ला जवळपास साडेचार महिने लागले, तिच्या सवयीच्या मानाने फार. ऑर्बिटची यंत्रं मधेच बंद पडायची, दुरुस्त होईपर्यंत सगळे खोळंबायचे, आणि वेळ मारून न्यायला सोबत वादकांचा ताफाही नव्हता. शीर्षकगीताचं मूळ 1971 च्या 'सेफरिन' या गाण्यात आहे आणि श्रेयात ते लिहिणाऱ्या कर्टिस व मॅल्डून यांची नावं रीतसर छापलेली आहेत. 'हिने चोरलं' म्हणणाऱ्यांनी निदान तेवढं वाचावं. त्याच अल्बममधलं 'शांती/अष्टांगी' आपल्याकडच्या योगवर्गात जाणाऱ्यांना लगेच ओळखू येईल: सुरुवात 'वन्दे गुरूणां चरणारविन्दे'ने होते. उच्चारांत जोडाक्षरं अडखळतात, विसर्ग कुठे गायब होतो. तेवढी सूट द्यायची की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.

"आवाज नाहीच, सगळं यंत्र"

ऑटो-ट्यून, म्हणजे गायकाचा सूर आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर, बाजारात आलं 1997 मध्ये. तोवर तिचा पहिला अल्बम, 'लाइक अ व्हर्जिन', 'ट्रू ब्लू', 'लाइक अ प्रेयर', 'एरोटिका' आणि 'बेडटाइम स्टोरीज' येऊन गेले होते. त्या काळात सूर सुधारायचे मार्ग होते, पण कष्टाचे: तेवढीच ओळ पुन्हा गाऊन टेपवर आधीच्या जागी बसवायची, किंवा अनेक टेक्समधून चांगले तुकडे निवडून जोडायचे. त्यासाठी एकदा तरी ती ओळ बरोबर गावी लागतेच.

आवाज मर्यादित होता, हे मान्य. पण तो एकच राहिला नाही, आणि तिच्या अल्बममधला खरा बदल इथे ऐकू येतो. 1983-84 मध्ये आवाज वरच्या भागात, पातळ, थोडा नाकातून. 'लिव्ह टू टेल'मध्ये खाली उतरतो. 1992 च्या 'एरोटिका'त गाणं निम्मं बोलण्यावर येतं. प्रोड्यूसर शेप पेटिबोनच्या घरच्या स्टुडिओत केलेले डेमोचे बरेच आवाज तसेच ठेवले, कारण तिला ते चकचकीत नको होते. मायक्रोफोन तोंडाच्या अगदी जवळ आला की खालचे स्वर फुगतात आणि श्वासही नोंदला जातो. तो कानाशी बोलल्यासारखा परिणाम असा येतो. वर मुद्दाम तबकडीची खरखर घातली आहे.

मग 1995-96 मध्ये 'एव्हिटा' चित्रपटासाठी तिने जोन लेडर या गायनशिक्षिकेकडे रीतसर तालीम घेतली. छातीचा आणि डोक्याचा आवाज जोडणं, श्वास पोटातून घेणं, लांब ओळ न तोडता नेणं. 'रे ऑफ लाइट'मध्ये तो आवाज रुंद झाला आहे आणि कंप जवळजवळ काढून टाकला आहे. शीर्षकगीत ऑर्बिटने तिच्या सोयीच्या पट्टीपेक्षा अर्धा स्वर वर गायला लावलं, ताण ऐकू यावा म्हणून. कोरसमध्ये तो येतो. यंत्राने सूर सरळ करणाऱ्यांना असा ताण नको असतो.

'म्युझिक'मध्ये यंत्र आहे आणि ते लपवलेलं नाही. 'नोबडीज परफेक्ट'मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली मींड गायब होते, स्वर खटकन बदलतो. ऑटो-ट्यूनला सूर सुधारायला लागणारा वेळ शून्यावर आणला की हे होतं. त्याच अल्बममधलं 'आय डिझर्व्ह इट' याच्या उलट: आवाज कोरडा, प्रतिध्वनी नाही, गिटार शेजारी. दोन्ही एका बैठकीत ऐकली की यंत्राचा वापर झाकण्यासाठी आहे की दाखवण्यासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही. 'डोन्ट टेल मी'ची सुरुवात हेडफोनवर ऐका. गिटारची फिरत मधेच कापली जाते, क्षणभर पूर्ण शांतता, मग जिथून तुटली तिथून पुढे. पहिल्यांदा ऐकताना अ‍ॅप अडकलं असं वाटतं. या अल्बमच्या वेळचा तिचा काउबॉय टोपीचा वेषही या गिटारशी जुळणारा.

"नवं आलं की जुनं टाकलं"

जुने सहकारी तिने टाकले, हा आरोपही टिकत नाही: मिरवैस 2019 च्या 'मॅडम एक्स'मध्ये परत आहे, ऑर्बिट 2012 च्या 'एमडीएनए'मध्ये. लिओनार्डचं वर आलंच. पुढे जाऊ.

पडताळून बघणाऱ्यांसाठी

या वादातल्या निम्म्या तुलना चुकीच्या आवृत्त्यांवर होतात. बहुतेक लोक 1990 चा 'द इमॅक्युलेट कलेक्शन' हा संग्रह लावतात. त्यातली बहुतेक गाणी क्यूसाउंड या, आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा भासवणाऱ्या पद्धतीने नव्याने मिक्स केली आहेत, काहींचा ठेकाच वेगळा आहे. 'एक्स्प्रेस युवरसेल्फ' हे त्यातलं ठळक उदाहरण: संग्रहात आणि व्हिडिओत पेटिबोनचा हाउस वळणाचा रीमिक्स आहे, तर 'लाइक अ प्रेयर' अल्बममध्ये स्टीफन ब्रेबरोबर केलेलं, ब्रास वाद्यांचं, जुन्या सोलकडे झुकलेलं गाणं आहे. संग्रह ऐकून 1989 च्या आवाजाबद्दल मत बनवलं तर ते चुकणारच. मूळ अल्बम लावा.

दुसरं, आवाजाची पातळी सारखी करा. 1983 चं मुद्रण हळू आहे, 2008 चं ठासून भरलेलं. जे मोठं वाजतं ते चांगलं वाटतं. अ‍ॅपमध्ये पातळी सारखी करायची सोय असते, ती चालू ठेवा. 'कन्फेशन्स' मात्र ओळीने ऐकायचा, शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणं) दोन्ही बंद करून. गाणी एकमेकांत डीजेसारखी विरघळवलेली आहेत. क्रॉसफेड चालू असेल तर जोडावर जोड येतो आणि ठेका दोनदा ऐकू येतो. 'हंग अप'मधला अ‍ॅबाचा तुकडा परवानगी मागून, रीतसर घेतलेला आहे. अ‍ॅबावाले अशी परवानगी क्वचितच देतात. त्या गाण्यात सुरुवातीला तो दबलेला, भिंतीपलीकडून यावा तसा येतो आणि फिल्टर हळूहळू उघडतो. पूर्ण उघडेपर्यंत आवाज वाढवायचा मोह टाळा.