आपली ऐश आणि कैरोची ऐश

आपल्याकडे ‘ऐश’ म्हणजे चैन. कैरोत ‘ऐश’ म्हणजे भाकरी. शब्द एकच, अरबी, मूळ अर्थ जगणं. फारसीच्या वाटेनं आपल्याकडे येईतो तो चैनीचा झाला आणि इजिप्तच्या बोलीत रोजच्या गव्हाच्या भाकरीचं नावच ‘जगणं’ पडलं. २०११ च्या क्रांतीत कैरोच्या तहरीर चौकात लोक घोषणा देत होते : ‘ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया’. भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. आधी भाकरी.

बी.ए.च्या वर्गात मी दरवर्षी ही घोषणा फळ्यावर लिहिते. कारण अरब देश म्हटलं की मुलांसमोर तेल आणि मशीद एवढंच येतं. तिथल्या माणसाला पीठ काय भावानं मिळतं, शेताचा खंड, म्हणजे भाडं, किती, देशाच्या कर्जाचा हप्ता कुणाच्या ताटातून जातो, हे कुणी विचारतच नाही. मला याचा खरंच राग येतो. आम्ही वऱ्हाडातली माणसं, आमचं आणि इजिप्तचं तर कापसाचं नातं आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मागणी आपल्या कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबेत समुद्र बुजवणाऱ्या कंपनीच्या शेअरांवर सट्टा खेळला गेला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. एवढं आपल्याला ठाऊक असतं. त्याच चार वर्षांत नाईलच्या खोऱ्यातही कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या भरवशावर इजिप्तचा राज्यकर्ता इस्माईल यानं रेल्वे, कालवे, राजवाडे यांसाठी युरोपातून कर्ज उचललं. भाव उतरला, कर्ज चढत राहिलं. १८७५ मध्ये सुएझ कालव्यातले इजिप्तचे शेअर ४० लाख पौंडांना ब्रिटनला विकावे लागले. पुढच्याच वर्षी सावकार देशांनी कैरोत कर्जवसुलीचं मंडळ बसवलं. १८८२ मध्ये ब्रिटिश फौज उतरली, त्यात हिंदुस्थानी पलटणीही होत्या. आणि एव्हलिन बेअरिंग, म्हणजे पुढचा लॉर्ड क्रोमर : आधी त्या वसुली मंडळावर, मग कलकत्त्यात हिंदुस्थान सरकारचा अर्थसदस्य, मग १९०७ पर्यंत इजिप्तचा खरा कारभारी. सावकार ओसरीवर बसला की घर कुणाचं राहतं, हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

वर्ग खरा जागा होतो तो कुळांच्या गोष्टीला. १९५२ च्या जमीन सुधारणेत, लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या नासर आणि त्याच्या साथीदारांनी खंडावर मर्यादा घातली, कुळाला संरक्षण दिलं. ४० वर्षांनी, १९९२ च्या कायदा क्रमांक ९६ नं ते काढून घेतलं. पाच वर्षं वाढीव खंड, आणि ऑक्टोबर १९९७ पासून मालक म्हणेल तो भाव, नाहीतर जमीन सोडा. मी त्याला ‘उलटा कूळकायदा’ म्हणते. गावोगाव विरोध झाला, पोलिस आले, माणसं जिवानिशी गेली. तहरीर चौकाआधी शेतात हे सगळं होऊन गेलं होतं. फक्त चौकाची दृश्यं दाखवून क्रांती शिकवता येत नाही.

आता भाकरी. जानेवारी १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या आग्रहावरून राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारनं अन्नावरची अनुदानं कापली. १८ आणि १९ तारखेला अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत लोक रस्त्यावर आले आणि सरकारनं दरवाढ मागे घेतली. सादातनं त्याला ‘चोरांचा उठाव’ म्हटलं, लोक ‘भाकरीचा उठाव’ म्हणतात. त्यानंतर जून २०२४ मध्ये रेशनची भाकरी ५ पियास्तरवरून (शंभर पियास्तरचा एक इजिप्ती पौंड) २० वर गेली. तीस वर्षांहून अधिक काळ न हललेला भाव एका दिवसात चौपट झाला आणि १९७७ सारखं काहीच घडलं नाही. का? धर्म, संस्कृती, ‘अरब स्वभाव’ यांत हे उत्तर सापडत नाही. कामगार संघटनांचं काय झालं, लष्कराच्या हातात किती उद्योग आहेत, तुरुंगात कोण आहे, कर्जाच्या अटी काय आहेत, हे एकेक करून पाहावं लागतं.

आणि पाहणाऱ्याला जीव मुठीत धरावा लागतो. जुलिओ रेजेनी हा केंब्रिजचा इटालियन संशोधक कैरोच्या फेरीवाल्यांच्या स्वतंत्र संघटनांचा अभ्यास करत होता. २५ जानेवारी २०१६ ला तो बेपत्ता झाला. ३ फेब्रुवारीला शहराबाहेर रस्त्याकडेला मृतदेह सापडला, अंगभर छळाच्या खुणा. वय २८. इटलीनं इजिप्तच्या चार सुरक्षा अधिकाऱ्यांवर त्यांच्या गैरहजेरीत खटला भरला. इजिप्त सरकार आरोप नाकारतं.

यंदा माझ्या दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी आमच्याच गावच्या आठवडी बाजारातल्या हातगाडीवाल्यांशी बोलायचं ठरवलंय. जागेसाठी पैसे कुणाला द्यावे लागतात, गाडी उचलली तर कोण सोडवतं, संघटना आहे का. त्यांना मी रेजेनीची सगळी हकिकत सांगितली. दोघी बराच वेळ गप्प होत्या. मग एकीनं विचारलं, ‘मॅडम, त्या फेरीवाल्यांचं पुढे काय झालं?’

सोमवारी बाजाराचा दिवस. मीही जाणार आहे त्यांच्याबरोबर.